केए-२२ गाडी कायमची पुण्यात, आरसी दिवंगत वडिलांच्या नावावर : सुरुवात कुठून करायची?

बेळगावची_मंजिरी

नमस्कार मंडळी. वडील मार्चमध्ये गेले. त्यांची गाडी २०१६ ची, पेट्रोल, बेळगाव पासिंग. आईला मी पुण्याला आणलं आणि तिच्याबरोबर गाडीही आली. बेळगावचं घर आहे, आई अधूनमधून जाऊन राहील, पण गाडी आता इथेच असणार.

मला दोन कामं दिसतायत. एक म्हणजे आरसीवरचं (नोंदणी प्रमाणपत्रावरचं) नाव बदलायचं, दुसरं म्हणजे केएचा एमएच करायचा. आधी कुठलं? बेळगावला की पुण्यात? एका एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, राहू दे तशीच. विमा भरत राहा, कोण विचारतंय?" मला ते पटत नाही. गाडी रोज रस्त्यावर आहे, आईला दवाखान्यात न्यायला तीच लागते. उद्या काही झालं आणि कागदावर हयात नसलेल्या माणसाचं नाव निघालं, तर निस्तरायला आईच उरते. त्यामुळे एजंटकडे न देता, नियम समजून घेऊन करायचं आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रस्तेभटक्या

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

नंबरचं आधी सांगतो, कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४६ : एका राज्यात नोंदलेली गाडी भारतभर चालते. कलम ४७ : ती दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पुण्यात आल्या आल्या कुणी "नंबर बदला नाहीतर गाडी जमा" म्हणालं तर ते खरं नाही. बारा महिने हातात आहेत.

हेमंत_वाकड

@रस्तेभटक्या, बारा महिने नंबरसाठी, कर ही वेगळी गोष्ट. वाहनांवरचा कर हा राज्याचा विषय आहे, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीची ५७ वी नोंद बघा. नोंदणीचा कायदा केंद्राचा, कर प्रत्येक राज्याचा. सगळा गोंधळ इथेच होतो. लोक दोन्ही एकत्र करून भांडतात आणि नाक्यावर दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर असतात.

आणि बारा महिने कधीपासून मोजायचे हेही सिद्ध करता यायला हवं. मी हैदराबादहून आलो तेव्हा टोलच्या नोंदी आणि तिथल्या शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल जपून ठेवलं होतं. अडवल्यावर दाखवलं, विषय मिटला.

टिळकवाडी_पहिलं_गेट

मंजिरी, गाववाली भेटली की! बेळगावचं कुणी आलं की बरं वाटतंय बघ.

आमच्यात निम्म्या घरांची पोरं पुण्याला, त्यामुळे केए-२२ पुण्यात काय कमी नाहीत. माझ्या चुलतभावानं हेच केलं. नाव बेळगावला, मग तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), मग पुणे. एजंटाचं ऐकू नको. "कोण विचारतंय" म्हणणारा माणूस विचारायची वेळ आली की फोन उचलत नाही.

वकिलीण

मंजिरी, तुमच्या प्रश्नात वारसाचा भाग जास्त नाजूक आहे, म्हणून त्यावर लिहिते.

नोंदणीकृत मालक वारल्यावर काय करायचं ते कलम ५० आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५६ मध्ये आहे. गाडीचा ताबा ज्याच्याकडे आला त्याने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला मृत्यूची आणि गाडी वापरणार असल्याची माहिती द्यायची. तशी दिली तर तीन महिने गाडी स्वतःच्या नावावर असल्यासारखी वापरता येते. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र.

मुदत उलटली असेल तरी नाव लागतं, दंड भरावा लागतो. त्यामुळे घाबरून थांबू नका, पण आणखी लांबवूही नका.

सर्वांसाठी एक गोष्ट : २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. नवीन गाडी घेताना किंवा नंतर ऑनलाइनही. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावणारी माणसं गाडीला लावत नाहीत. लावा. मागे राहिलेल्यांची पायपीट वाचते.

मिलिंद_ठाणे

नॉमिनीचं माहीत नव्हतं. आजच दोन्ही गाड्यांना लावतो. धन्यवाद.

शशांक_बी

एवढा खटाटोप कशाला, सरळ बीएच (भारत मालिकेचा) नंबर घ्या. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालाय. बदली झाली तरी नंबर तोच. फॉर्म ६० दिला की झालं.

हेमंत_वाकड

बीएच सगळ्यांना मिळत नाही. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी, एवढ्यांनाच. आणि इथे गाडी कुणाच्या नावावर जाणार ते ठरलेलं नाही. आईंच्या नावावर गेली तर हा पर्यायच नाही.

करही बघा. दर दोन वर्षांनी भरायचा. दहा लाखांच्या आतल्या गाडीला ८ टक्के, वीस लाखांपर्यंत १०, त्यापुढे १२ या हिशोबाने. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. भरायला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. ज्याची खरंच फिरती नोकरी आहे त्याला उत्तम. एकाच गावात राहणाऱ्याने हौसेने घेऊ नये.

अनघा_प

फॉर्म ६० वरून एक खुलासा, कारण इथे खूप जण अडकतात. आयकराचा फॉर्म ६० म्हणजे पॅन नसल्याचं घोषणापत्र. बीएचचा फॉर्म ६० मोटार वाहन नियमांतला, कंपनीने दिलेला नोकरीचा दाखला. खिडकीवर "फॉर्म ६० आणा" म्हटलं की कुठला ते विचारून घ्या. माझ्या मैत्रिणीला एकाच्या जागी दुसरा नेल्यामुळे परत यावं लागलं.

तिलारी

परराज्याच्या नंबराचा विषय निघालाय तर आमच्या सिंधुदुर्गाचंही लिहितो. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यात जीए नंबरच्या गाड्या पुष्कळ. काही खरोखर गोव्यात नोकरी करणाऱ्यांच्या, रोज सकाळी पत्रादेवीचा सीमानाका ओलांडून जाणाऱ्या. त्यांचं मी समजू शकतो. गाडी दिवसा गोव्यात, रात्री महाराष्ट्रात, ती "ठेवलेली" कुठे म्हणायची? पण काही जण फक्त कर कमी म्हणून नातेवाइकाच्या पत्त्यावर तिथे घेतात आणि गाडीचं तोंड कधी गोव्याकडे वळत नाही. या दुसऱ्यांमुळे पहिल्यांना नाक्यावर त्रास होतो.

ऋग्वेद_कोची

केरळात २०१७ च्या सुमाराला याच कारणाने मोठी कारवाई झाली. महागड्या गाड्या पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदवायच्या आणि चालवायच्या इथे. खोट्या पत्त्याचे गुन्हे दाखल झाले. कर वाचवायला पत्ता खोटा दिला की प्रकरण दंडावर थांबत नाही, फसवणुकीत जातं.

हेमंत_वाकड

@तिलारी, पत्रादेवीचा मुद्दा चांगला आहे. पण कलम ४० बघा : नोंदणी मालकाच्या राहत्या पत्त्यावर किंवा व्यवसायाच्या जागी, जिथे गाडी सहसा ठेवली जाते तिथे. रात्री बांद्यात उभी राहणारी गाडी सहसा बांद्यातच ठेवलेली, असंच मी म्हणेन.

तिलारी

सहमत नाही. गोव्यात स्वतःचं दुकान असेल तर व्यवसायाची जागा तीच. कायद्यात "किंवा" आहे, आणि तो "किंवा" सीमेवरच्या माणसासाठी महत्त्वाचा आहे. असो, मंजिरीताईंचा धागा आहे, थांबतो.

अनघा_प

मंजिरी, प्रत्यक्ष कामातली एक गोष्ट सांगते जी कुठल्याही यादीत नीट लिहिलेली नसते. चेसिस प्रिंट. फॉर्मवर चेसिस नंबरची छाप लावावी लागते. गाडीवर तो नंबर कुठे कोरलाय ते घरीच शोधून ठेवा. बऱ्याच गाड्यांत चालकाशेजारच्या सीटखाली गालिच्याला चिरलेली एक झडप असते, ती उचलली की पत्र्यावर दिसतो. काहींत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर. फडक्याने तेल-धूळ स्वच्छ पुसा, मऊ पेन्सिल आडवी धरून अक्षरांवर घासा, वर रुंद सेलोटेप दाबून बसवा आणि हळू सोलून काढा. सतरा अक्षरं टेपवर उलगडतात. ती फॉर्मवर चिकटवा. तीन-चार छापा काढून ठेवा, कारण प्रत्येक फॉर्मच्या प्रतीवर लागते. आरटीओच्या आवारात हेच काम करायला लोक पैसे घेतात आणि घाईत अर्धवट छाप देतात. शेवटचे आकडे पुसट आले की कागद परत.

सुतारदादा

अनघाताईंनी लाख मोलाचं सांगितलं. गंज चढला असेल तर आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसा. पॉलिश पेपर अजिबात मारू नका. नंबर खोडल्यासारखा दिसला तर तपासणीत वेगळेच प्रश्न निघतात.

विवेक_चिंचवड

मला वेगळाच त्रास आहे, पण नाव वेळेत न बदलण्याचाच. माझी दुचाकी मी एका जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला विकली. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९, ३० वर सह्या घेतल्या, "आठ दिवसांत नाव बदलतो" म्हणाला. दोन वर्षं उलटली. अजून ई-चलान माझ्या मोबाईलवर येतात. सिग्नल तोडल्याचे, हेल्मेट नसल्याचे. परवा आलेल्या फोटोत एका गाडीवर तिघं बसलेत, त्यात दहा-बारा वर्षांचं पोर आहे. चलानाचे पैसे जाऊ देत, पण त्या पोराला काही झालं तर पोलीस माझ्या दारात येणार. दुकानदार फोन घेत नाही.

वकिलीण

विवेक, हे गंभीर आहे, हलक्यात घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नोंदीत मात्र पहिल्याच मालकाचं नाव. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर ठेवली गेली. कायद्याच्या व्याख्येनुसार मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. पैसे कुणी घेतले, चावी कुणाकडे आहे, याने ते बदलत नाही.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने स्वतः चौदा दिवसांत हस्तांतराची खबर द्यायची असते. ती आजही लेखी द्या, पोच घ्या. विक्रीची पावती, पैसे आल्याची बँकेची नोंद, फॉर्म २९ ची प्रत जोडा. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज द्या. दुकानदाराला नोंदणीकृत डाकेने नोटीस पाठवा.

आणि पुढे कुणी दुकानदाराला गाडी देणार असेल तर : १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत जुन्या-वाहन विक्रेत्यांसाठी नवे नियम आहेत. विक्रेत्याकडे प्राधिकारपत्र आहे का विचारा. असेल तर गाडी देताना फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन खबर द्यायची. त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत मालक म्हणून जबाबदारी विक्रेत्याची. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देणं बंद करा. कितीही ओळखीचा असला तरी.

विवेक_चिंचवड

मनापासून आभार. पावती आहे, बँकेची नोंदही आहे. सोमवारी अर्ज देतो.

शशांक_बी

एक साधी शंका. आरसीचं कार्ड रोज जवळ ठेवायलाच हवं का? मी डिजिलॉकर दाखवतो. एका ठिकाणी "कार्डच पाहिजे" म्हणाले.

रस्तेभटक्या

डिजिलॉकर आणि एमपरिवहन ही दोन्ही सरकारी ॲप चालतात. २०१८ मध्ये नियम १३९ बदलून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य धरलेत. शांतपणे नियमाचा क्रमांक सांगायचा, आवाज चढवायचा नाही. फक्त गॅलरीतला फोटो दाखवू नका, तो डिजिलॉकर नव्हे. आणि घाटात रेंज गेली की डिजिलॉकरही हात वर करतं, तेव्हा निघण्याआधी कागद डाउनलोड करून ठेवा.

जुनी_बजाज

माझ्याकडे अजून आरसी-टीसीचं, म्हणजे नोंदणी आणि कराचं पुस्तक आहे, खाकी पुठ्ठ्याचं. १९९३ ची स्कूटर, एमएच-१२. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करत आलोय, पर्यावरण करही भरलाय. एप्रिल २०२२ पासून दुचाकीचं नूतनीकरण ३०० वरून १,००० झालं, मोटारीचं ६०० वरून ५,०००. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढवलं : दुचाकी २,०००, मोटार १०,०००. गाडी निरोगी असेल, धूर सोडत नसेल, तर फक्त वयासाठी एवढी फी अन्यायाची वाटते. गाडीची कसून तपासणी करा, ब्रेक बघा, धूर मोजा. त्यात नापास झाली तर मी स्वतः भंगारात देईन.

सुतारदादा

@जुनी_बजाज, सहमत. नंबरप्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लावायला लावली, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, खेड्यातल्या माणसाला चाळीस किलोमीटरवर केंद्र. पाटी चांगलीच आहे, चोरीला आळा बसतो. पण सोय आधी करायची, मग मुदत द्यायची.

बेळगावची_मंजिरी

सगळ्यांचे खूप आभार. बरंच स्पष्ट झालं. आता नवीन अडचण. काल वडिलांची फाईल काढून आरसी नीट वाचली. कर्ज २०२१ मध्येच फिटलंय, पण आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. म्हणजे आता तीन कामं. क्रम काय?

आणि @वकिलीण, गाडी आईच्या नावावर करायचं ठरलंय. मला भावंडं नाहीत. तिच्या आधारवर बेळगावचाच पत्ता आहे.

टिळकवाडी_पहिलं_गेट

आधारवरचा पत्ता आत्ता बदलू नकोस बाई, तेवढं ऐक! बेळगावचं काम होईपर्यंत तोच पत्ता उपयोगाचा.

वकिलीण

टिळकवाडीकरांचं बरोबर आहे. घर आहे, आईंचं येणं-जाणं आहे, तो पत्ता खराच आहे.

क्रम असा घ्या. सगळ्यात आधी बँक. तिच्याकडून फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) सही-शिक्क्यासह दोन प्रतींत आणि बँकेची एनओसी. कर्जदार वारलेले असल्यामुळे मृत्यूचा दाखला आणि आईंचा अर्ज लागेल. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती वाचा आणि तिच्या आत काम करा. मग बेळगावला फॉर्म ३५ आणि फॉर्म ३१ एकाच वेळी देऊन बघा, म्हणजे बोजा उतरेल आणि नाव लागेल. आईंच्या नावाची आरसी आली की तिथूनच फॉर्म २८, म्हणजे आरटीओची एनओसी. पोलिसांकडून गाडी चोरीच्या गुन्ह्यात नसल्याचा अहवाल मागवला जातो, कर आणि चलान शिल्लक नाही ना बघितलं जातं. म्हणून ऑनलाइन चलान आधीच तपासून भरून टाका.

कलम ४८ मधली एक तरतूद लक्षात ठेवा. अर्ज पोचल्यापासून तीस दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं मानलं जातं. खिडकीवर भांडायला नव्हे, पण अर्जाची तारखेसह पोच घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

मिलिंद_ठाणे

थोडा वेगळा अनुभव. माझ्या सासऱ्यांची गाडी गुजरातची. तिथून वारसाच्या अर्जावर एनओसी मिळाली आणि नाव व नंबर दोन्ही इकडे एकत्र झाले. त्यामुळे दोन्ही कार्यालयांत आधी विचारून घ्या. एकत्र होत असेल तर एक फेरा वाचेल.

वकिलीण

@मिलिंद_ठाणे, होऊ शकतं. कलम ५० वारसाला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या प्राधिकाऱ्याकडे जायची मुभा देतं. पण इथे बँकेचा बोजाही आहे आणि बेळगावचा पत्ताही आहे. जिथे मूळ नोंद आहे तिथेच ती स्वच्छ करून बाहेर पडणं मला जास्त सुरक्षित वाटतं. मंजिरींनी ठरवावं.

हेमंत_वाकड

पुण्याच्या बाजूचं लिहितो. एनओसी आली की फॉर्म २७, नव्या नंबरसाठी. आईंचा पुण्यातला पत्त्याचा पुरावा लागेल, आधार तेव्हा बदला किंवा भाडेकरार चालतोय का बघा. गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीची मूळ किंमत आणि वय धरून काढतात, म्हणून मूळ बिलाची प्रत फाईलमध्ये शोधा. नसेल तर बेळगावच्या शोरूमकडून मागवा. दहा लाखांच्या आतल्या नव्या पेट्रोल गाडीचा दर ११ टक्के आहे, जुन्या गाडीला वयानुसार कमी होत जातो.

हा कर भरला म्हणजे कर्नाटकाचा पूर्ण बुडाला असं नाही. तिथे आजीवन कर भरलेला असतो, त्यातल्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. पुण्याची नवी आरसी जोडून बेळगावला अर्ज करायचा. नऊ-दहा वर्षांच्या गाडीला रक्कम फार मोठी नसेल, पण आपली आहे.

अनघा_प

विमा राहिला! बेळगावला आईंचं नाव लागलं की लगेच विमा कंपनीला कळवा. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग) आपोआप पुढे चालतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग नावावर करून घेण्यासाठी कलम १५७ प्रमाणे चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. वडिलांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) आईंना मिळू शकतो, तो आवर्जून मागा, स्वतःहून कुणी सांगत नाही. मग पुण्याचा नंबर पडला की पुन्हा एकदा विम्यात नवा नंबर, फास्टॅगलाही नवा नंबर आणि नवी पाटी.

बेळगावची_मंजिरी

बँकेला आज मेल केला. त्यांनी मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत मागितली आहे, ती उद्या पाठवते. मूळ बिल फाईलमध्येच सापडलं. पुढच्या महिन्यात आईला घेऊन बेळगावला जाते आणि तिथे दोन्ही फॉर्म एकत्र घेतात का ते इथे लिहिते, म्हणजे पुढच्याला कळेल.

टिळकवाडी_पहिलं_गेट

आलीस की कळव. कन्नडमधला अर्ज लागला तर माझी वहिनी लिहून देईल, तिला ते तोंडपाठ आहे.